एक लायसन्स, शेजारची राज्ये: अमेरिकेतल्या फिजिकल थेरपिस्टसाठी कॉम्पॅक्ट प्रिव्हिलेजची वाट

शार्लटमध्ये राहणाऱ्या होम-हेल्थ थेरपिस्टच्या (पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देणारीच्या) आजच्या यादीत पाच पेशंट आहेत, त्यातले दोन फोर्ट मिलचे. गाडीने अर्धा तासही लागत नाही. मध्ये ना नाका, ना तपासणी, फक्त रस्त्याकडेची एक पाटी. पण त्या पाटीपाशी नॉर्थ कॅरोलायना संपते आणि साउथ कॅरोलायना सुरू होते, आणि तिचे लायसन्स नॉर्थ कॅरोलायनाचे आहे. पलीकडच्या आजोबांचा नवा गुडघा वाकवायला तिने हात लावला, तर कायद्याच्या भाषेत ती विनापरवाना प्रॅक्टिस होते. एजन्सीने पाठवले होते, पेशंट तर आपल्याच हॉस्पिटलमधून डिस्चार्ज झालेला, ही कारणे बोर्डापुढे चालत नाहीत.

अमेरिकेत फिजिकल थेरपीचे लायसन्स केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचे बोर्ड देते. या अडचणीवर राज्यांनीच आपसात करार करून काढलेला मार्ग म्हणजे फिजिकल थेरपी लायसन्सर कॉम्पॅक्ट, म्हणजे ज्याला सगळे ‘पीटी कॉम्पॅक्ट’ म्हणतात तो. मार्च २०१६ मध्ये ऑरेगनने हा कायदा पहिल्यांदा केला, २०१७ मध्ये दहा राज्यांची संख्या भरल्यावर करार अमलात आला आणि जुलै २०१८ पासून प्रत्यक्ष परवानग्या मिळू लागल्या. आज देशातली बहुसंख्य राज्ये त्यात आहेत. महाराष्ट्रातून बीपीटीएच किंवा एमपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) करून इथे आलेल्या, एनपीटीई ही लायसन्ससाठीची राष्ट्रीय परीक्षा पास होऊन एका राज्याचे लायसन्स हातात असलेल्या थेरपिस्टला समोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. पीटीए (फिजिकल थेरपिस्टचे असिस्टंट) असाल तरी नियम बहुतेक तेच.

आधी एक गैरसमज काढून टाका

नर्सिंगमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीकडून तुम्ही ‘मल्टिस्टेट लायसन्स’ हा शब्द ऐकला असेल. नर्सेसच्या करारात एकाच लायसन्सवर सगळी सदस्य राज्ये आपोआप उघडतात. आपले तसे नाही. आपल्याला ज्या ज्या राज्यात पेशंट बघायचे, त्या प्रत्येक राज्यासाठी वेगळे ‘कॉम्पॅक्ट प्रिव्हिलेज’, म्हणजे त्या राज्यात काम करण्याची परवानगी, घ्यावे लागते. मेम्फिसमध्ये राहणारा थेरपिस्ट मिसिसिपीतल्या साउथेव्हनला आणि आर्कान्सातल्या वेस्ट मेम्फिसलाही जाणार असेल, तर त्याला दोन प्रिव्हिलेज लागतील. टेनेसीचे मूळ लायसन्स आहेच.

दुसरे, प्रिव्हिलेज हे लायसन्स नव्हे. ते तुमच्या मूळ राज्याच्या लायसन्सवर टांगलेले असते. ती एक खुंटी हलली की त्यावर लटकवलेले सगळेच खाली येते. पुढे जे काही सांगितले आहे त्यातले निम्मे-अधिक ही खुंटी जपण्याबद्दलच आहे, कारण लोकांची गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.

आपल्याला याचा फायदा जास्त का

अमेरिकेत शिकलेल्या थेरपिस्टला दुसऱ्या राज्याचे लायसन्स ‘एंडॉर्समेंट’ने, म्हणजे आधीच्या लायसन्सच्या आधारावर, मिळवणे त्रासाचे असते, पण फार अवघड नसते. आपली गोष्ट वेगळी. परदेशी पदवी असली की काही राज्ये क्रेडेन्शियल तपासणीचा अहवाल पुन्हा मागतात, कुणाला तो कोर्सवर्क टूल या अभ्यासक्रम ताडून बघण्याच्या तक्त्याच्या विशिष्ट आवृत्तीनुसारच हवा असतो, कुणी इंग्रजीच्या परीक्षेचे गुण पुन्हा मागते. मग पुन्हा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, पुन्हा मुंबईच्या कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी, पुन्हा कुरिअर आणि पुन्हा वाट बघणे. यात काही महिने सहज जातात.

कॉम्पॅक्टमध्ये दुसरे राज्य तुमची पदवी नव्याने तपासत नाही. मूळ राज्याने एकदा तपासून लायसन्स दिले, तेवढे पुरते. तुम्ही कुठे शिकलात हा प्रश्नच अर्जात येत नाही. सगळे जुळत असेल तर संगणकासमोर बसल्यापासून प्रिव्हिलेज हातात पडायला काही मिनिटे लागतात. म्हणून पहिले लायसन्स कोणत्या राज्यात घ्यायचे हे ठरवतानाच ते राज्य कॉम्पॅक्टमध्ये आहे का, हे बघून ठेवा. नोकरी देणारी कंपनी हा विचार तुमच्यासाठी करत बसणार नाही.

पहिली पायरी: तुमचे ‘होम स्टेट’ कोणते

होम स्टेट म्हणजे तुम्ही जिथे खरोखर राहता ते राज्य. जिथे नोकरी करता ते नव्हे, आणि जिथले लायसन्स आधी मिळाले तेही नव्हे. पुरावा म्हणून ड्रायव्हर्स लायसन्स बघितले जाते. तेव्हा तीन गोष्टी एका रेषेत याव्या लागतात: राहता पत्ता, ड्रायव्हर्स लायसन्स आणि पीटी लायसन्स, तिन्ही एकाच राज्याचे. आणि ते राज्य कॉम्पॅक्टचे सदस्य हवे.

हा करार चालवणाऱ्या आयोगाच्या पीटीकॉम्पॅक्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर नकाशा आहे, तो नीट वाचायला शिका. काही राज्ये पूर्ण सदस्य आहेत, म्हणजे प्रिव्हिलेज देतातही आणि त्यांच्या रहिवाशांना घेताही येते. काही राज्यांनी कायदा केला आहे, पण यंत्रणा अजून उभी नाही. एफबीआयच्या बोटांच्या ठशांवरून होणारी पार्श्वभूमी तपासणी हा त्यातला नेहमीचा अडथळा. अशा राज्यात राहत असाल तर कायदा होऊनही तुमच्या हाती काही येत नाही. आणि काही राज्ये करारात नाहीतच. आपल्या लोकांची मोठी वस्ती असलेली कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क ही दोन राज्ये हा लेख लिहिताना बाहेर आहेत. नकाशा बदलत राहतो, म्हणून मागच्या वर्षी कुणी काय सांगितले त्यावर न विसंबता अर्ज करण्याच्या दिवशी तो उघडून बघा.

इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात. एखादा थेरपिस्ट फ्रिमाँटला राहतो. पहिली नोकरी डॅलसला केली असल्याने टेक्सासचे लायसन्स चालू आहे. त्याला वाटते, टेक्सास सदस्य आहे, मग ॲरिझोनाचे प्रिव्हिलेज मिळेल. मिळत नाही. तो राहतो कॅलिफोर्नियात, म्हणजे त्याचे होम स्टेट कॅलिफोर्निया, आणि ते करारात नाही. टेक्सासचे लायसन्स टेक्सासपुरते खरेच आहे, पण त्यावर प्रिव्हिलेज टांगता येत नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आणखी एक गाठ आहे. ड्रायव्हर्स लायसन्सची मुदत बहुतेक ठिकाणी आय-९४च्या (देशात राहण्याच्या मुदतीच्या नोंदीच्या) तारखेला बांधलेली असते. व्हिसाची मुदतवाढ अडकली की लायसन्सही संपते आणि राहण्याचा पुरावा नेमका हवा त्या दिवशी हातात नसतो. मुदतवाढीचा अर्ज सहा महिने आधी करता येतो. कंपनी प्रीमियम प्रोसेसिंगचे (लवकर निर्णयाचे) पैसे भरायला तयार असेल तर निर्णय १५ कामकाजाच्या दिवसांत येतो. हे आधीच बोलून ठेवा.

सैन्यातले थेरपिस्ट आणि त्यांच्या पती-पत्नींना होम स्टेट ठरवताना सवलत आहे. त्यांना मूळ नोंदीचे राज्य, बदलीचे राज्य किंवा सध्या राहतात ते राज्य यांतून निवड करता येते.

दुसरी पायरी: नाव जुळवा

ही बाब किरकोळ वाटते, पण मराठी नावांच्या बाबतीत हीच नडते. पोर्टल तुमची माहिती फेडरेशन ऑफ स्टेट बोर्ड्सच्या (एनपीटीई घेणाऱ्या, राज्य बोर्डांच्या संघटनेच्या) डेटाबेसमधून ताडून बघते: नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर, लायसन्स नंबर. यात आपली तीन पदरी नावे कशी फाटतात ते बघा.

समजा पासपोर्टवर गिव्हन नेम ‘सायली प्रकाश’ आणि आडनाव ‘कुलकर्णी’. एनपीटीईची नोंदणी करताना ‘सायली कुलकर्णी’ लिहिले, मधले नाव सोडले. सोशल सिक्युरिटी कार्डावर पासपोर्टप्रमाणे ‘सायली प्रकाश कुलकर्णी’ छापून आले. ड्रायव्हर्स लायसन्सवर जागा पुरली नाही म्हणून ‘सायलीप्रकाश’ एकत्र झाले. मग लग्न झाले आणि राज्याच्या बोर्डाकडे ‘सायली अनिकेत देशपांडे’ असा बदल दिला, पण फेडरेशनला कळवायचे राहून गेले. आता चार संस्थांच्या नोंदीत चार सायली आहेत आणि पोर्टल म्हणते, तुमची पात्रता पडताळता आली नाही.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळा. आधी सोशल सिक्युरिटी कार्ड, मग ड्रायव्हर्स लायसन्स, मग राज्याचे बोर्ड, शेवटी फेडरेशनचे खाते. सगळीकडे अक्षर-न्-अक्षर सारखे. नावबदलासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र चालते. मात्र ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लावा. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेतला असेल तर ती प्रतही ठेवा. बोर्डाने बदल केल्यावर तो डेटाबेसमध्ये उतरायला काही दिवस जातात. सोमवारी बदल केला आणि मंगळवारी प्रिव्हिलेज घ्यायला बसलात तर जुनेच नाव दिसेल. आणि दोन राज्यांची लायसन्स असतील तर दोन्ही बोर्डांकडे बदल द्या.

तिसरी पायरी: पाटी कोरी आहे ना

कोणत्याही राज्यातल्या तुमच्या कोणत्याही लायसन्सवर सध्या निर्बंध नकोत आणि गेल्या दोन वर्षांत शिस्तभंगाची कारवाई झालेली नको. ‘कोणत्याही’ या शब्दावर जोर द्या: न्यू यॉर्कचे जुने, आता न वापरलेले लायसन्सही यात मोजले जाते.

कारवाई म्हणजे पेशंटला इजा, फसवणूक असेच डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात साधा माणूस सापडतो तो कंटिन्युइंग एज्युकेशनच्या, म्हणजे लायसन्स टिकवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या कोर्सेसच्या, ऑडिटमध्ये. तास पूर्ण केले, पण प्रमाणपत्र सापडेना. किंवा कोर्स मान्यताप्राप्त नव्हता. बोर्ड पत्र पाठवते: थोडा दंड भरा, या कन्सेंट ऑर्डरवर (संमतीच्या आदेशावर) सही करा, विषय मिटला. दंड छोटा असतो म्हणून लोक सही करून मोकळे होतात. पण अनेक राज्यांत ती ऑर्डर शिस्तभंगाची कारवाई म्हणूनच नोंदली जाते आणि दोन वर्षे प्रिव्हिलेजचा दरवाजा बंद होतो. हातात असलेली प्रिव्हिलेजसुद्धा जातात. असे पत्र आले तर सही करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: ही ‘ॲडव्हर्स ॲक्शन’ (शिस्तभंगाची कारवाई) म्हणून नोंदणार का? गरज वाटली तर वकिलाचे तासाभराचे पैसे द्या; दोन वर्षांच्या कामापुढे ते काहीच नाहीत.

कोर्सची प्रमाणपत्रे एका फोल्डरमध्ये ठेवा, फाइलच्या नावात तारीख आणि तास लिहा. यात चांगली गोष्ट अशी की तास फक्त होम स्टेटचे पूर्ण करायचे असतात. टेक्सासमध्ये राहणाऱ्या पीटीला दोन वर्षांत ३० युनिट लागतात, पीटीएला २०. पाच राज्यांची प्रिव्हिलेज असली तरी हा आकडा पाचपट होत नाही.

चौथी पायरी: कायद्याची परीक्षा आणि पैसे

पोर्टलवर राज्य निवडले की त्या राज्याच्या अटी दिसतात. काही राज्यांना ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे त्यांच्या फिजिकल थेरपी कायद्याची परीक्षा हवी असते, काहींना नको. जिथे हवी तिथे ती प्रिव्हिलेज घेण्याआधी द्यायची असते का, हे नीट वाचा. टेक्सास आणि ओहायोसारख्या राज्यांची ही परीक्षा फेडरेशनच्या संकेतस्थळावरून घरबसल्या देता येते. संदर्भ उघडा ठेवून उत्तरे द्यायची असतात. तिचे शुल्क वेगळे.

उघड्या पुस्तकाची परीक्षा म्हणून घाईने उरकू नका. पीटीएवर देखरेख कशी, पुनर्मूल्यांकन किती दिवसांनी, डॉक्टरच्या शिफारशीशिवाय (रेफरलशिवाय) किती दिवस, नोंदी किती वर्षे जपायच्या, हे चार प्रश्न प्रत्येक राज्यासाठी कागदावर उतरवून घ्या. पुढे रोजच्या कामात हाच कागद लागतो.

पैशांचे गणित असे: आयोगाचे शुल्क प्रत्येक प्रिव्हिलेजमागे ४५ डॉलर, त्यावर त्या राज्याचे शुल्क. काही राज्ये काहीच घेत नाहीत, काही बरेच घेतात. पैसे भरण्याआधी एकूण रक्कम पोर्टल दाखवते. नोकरीच्या करारात ‘लायसन्स रिइम्बर्समेंट’ असे लिहिलेले असते, त्यात ‘कॉम्पॅक्ट प्रिव्हिलेजसह’ हे शब्द घालून घ्या. नाही तर प्रिव्हिलेज म्हणजे लायसन्स नव्हे असे म्हणून तुमचे बिल परत येते.

पैसे भरल्यावर प्रिव्हिलेज क्रमांक मिळतो. तिथेच थांबू नका. पोर्टलवरच्या सार्वजनिक पडताळणीत आपले नाव शोधून ते चालू दिसते आहे याची खात्री करा, त्या पानाची प्रत काढा आणि एजन्सीला ईमेल करा. पहिला पेशंट त्यानंतर. उद्यापासून सुरू होईल अशा भरवशावर आज सकाळी इव्हॅल्युएशन करून ठेवणे म्हणजे विनापरवाना प्रॅक्टिस, आणि चार्टवर तारीख-वेळ छापलेली असते.

पैसे भरण्याआधी तारीख बघा

प्रिव्हिलेजची स्वतःची वेगळी मुदत नसते. होम स्टेटचे लायसन्स ज्या दिवशी संपते, त्याच दिवशी प्रिव्हिलेजही. न्यू जर्सीचे पीटी लायसन्स सम वर्षांच्या ३१ जानेवारीला संपते. एडिसनमध्ये राहणाऱ्या कुणी विषम वर्षाच्या डिसेंबरात डेलावेअरचे प्रिव्हिलेज घेतले, तर दोन महिनेही न वापरता ते संपणार आणि पुन्हा पूर्ण पैसे भरावे लागणार. काम थांबू शकत असेल तर आधी मूळ लायसन्स नूतनीकृत करा, नवी तारीख डेटाबेसमध्ये दिसू द्या, मग घ्या.

नूतनीकरणातही हाच क्रम. लायसन्स रिन्यू केले म्हणून प्रिव्हिलेज आपोआप रिन्यू होत नाही. ते पोर्टलवर जाऊन वेगळे करावे लागते. शेवटच्या दिवशी बोर्डाकडे पैसे भरले, डेटाबेसमध्ये तारीख बदलायला चार दिवस लागले, तर त्या चार दिवसांत पलीकडच्या राज्यातले पेशंट कुणी तरी दुसऱ्याने बघायला हवेत. लायसन्स संपण्याच्या सहा आठवडे आधीचा गजर फोनमध्ये लावून ठेवा.

पलीकडच्या राज्यात कायदा तिथला

पेशंट जिथे आहे त्या राज्याचा प्रॅक्टिस ॲक्ट तुम्हाला लागू होतो. आपल्याकडे असे करतात, हे तिथे चालत नाही. फरक कुठे पडतो ते दाखवायला टेक्सासचे उदाहरण पुरेसे आहे. २०१९च्या कायद्याने तिथे डॉक्टरच्या रेफरलशिवाय सलग १० कामकाजाचे दिवस उपचार करण्याची मुभा दिली. रेसिडेन्सी किंवा फेलोशिप झाली असेल तर १५. पण त्यासाठी मान्यताप्राप्त डॉक्टरेट पदवी हवी, नाही तर डिफरन्शियल डायग्नोसिसचे (सारख्या लक्षणांचे आजार वेगळे ओळखण्याचे) किमान ३० तासांचे शिक्षण. वर्षभराचा लायसन्सचा अनुभव, व्यावसायिक विमा आणि पेशंटची सही असलेला माहितीपत्रकाचा कागद हेही लागते. बीपीटीएचवर आलेल्या आणि इथे डीपीटी (फिजिकल थेरपीतली डॉक्टरेट) न केलेल्या थेरपिस्टने हे ३० तास लक्षात ठेवावेत. शेजारी बसणारा सहकारी रेफरलशिवाय पेशंट घेतो म्हणजे तुम्हीही घेऊ शकता असे नाही.

ड्राय नीडलिंगबद्दल (स्नायूंत बारीक सुया टोचण्याच्या उपचाराबद्दल) असेच. काही राज्यांत परवानगी, काहींत ठरावीक तासांचे प्रशिक्षण झाल्यावरच, काहींत मनाई. सुया बॅगेत टाकण्याआधी त्या राज्याच्या बोर्डाचे पान वाचा. पीटीएसोबत काम करत असाल तर देखरेखीचा नियम राज्यागणिक वेगळा आहे: कुठे फोनवर उपलब्ध असणे पुरते, कुठे ठरावीक भेटींनंतर तुम्ही स्वतः जाणे लागते.

टेलिहेल्थमध्ये लोक फसतात ते पेशंटच्या पत्त्यावरून. चार्टवरचा पत्ता नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहराचा आहे, पण त्या आजी हिवाळ्यात मुलीकडे जॉर्जियाला गेल्या आहेत. व्हिडिओ लावला की आधी विचारायचे, “आत्ता तुम्ही कुठे बसला आहात?” आणि उत्तर नोटमध्ये लिहायचे. त्या क्षणी पेशंट ज्या राज्यात आहे, तिथली परवानगी तुमच्याकडे हवी. उलट बाजूने, महिनाभर पुण्याला आलात आणि तिथून मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पेशंट व्हिडिओवर बघायचे मनात असेल, तर ते सोडून द्या. देशाबाहेरून दिलेल्या सेवेचे मेडिकेअर पैसे देत नाही.

व्हिसाची रेषा वेगळी असते

हा भाग अमेरिकी सहकारी तुम्हाला सांगणार नाहीत, कारण त्यांना त्याची गरज पडत नाही. प्रिव्हिलेज म्हणजे पेशंटला हात लावायची परवानगी. त्या ठिकाणी पगार घेऊन काम करायची परवानगी एच-१बी देतो, आणि तो ठिकाणाला बांधलेला असतो. एच-१बीत राज्याची सीमा महत्त्वाची नसते. मोजतात तो महानगर क्षेत्राचा पट्टा. नवे ठिकाण त्याच महानगर क्षेत्रात असेल तर सुधारित पिटिशन (व्हिसासाठी कंपनीने करायचा अर्ज) लागत नाही, पण एलसीएची (कंपनीने कामगार खात्याकडून मंजूर करून घेतलेल्या पगार-ठिकाणाच्या अर्जाची) सूचना कंपनीला नव्या जागी लावावी लागते. क्षेत्राबाहेर असेल तर तिथे काम सुरू करण्याआधी कंपनीने सुधारित पिटिशन दाखल करायला हवे. २०१५च्या सिमियो या इमिग्रेशन अपिलातल्या निर्णयापासून यात शंकेला जागा राहिलेली नाही.

आता सुरुवातीच्या थेरपिस्टकडे परत या. फोर्ट मिल आणि रॉक हिल ही गावे साउथ कॅरोलायनात असली तरी शार्लटच्याच महानगर क्षेत्रात मोडतात. म्हणजे तिथे तिला प्रिव्हिलेज लागते, सुधारित पिटिशन नाही. आणि रॅलीला कामाला पाठवले तर नेमके उलट: राज्य तेच म्हणून लायसन्स पुरते, पण महानगर क्षेत्र वेगळे म्हणून पिटिशन लागते. दोन नकाशे एकमेकांवर ठेवून बघितल्याशिवाय होय म्हणू नका.

थोड्या दिवसांच्या कामासाठी नियमात एक फट आहे. वर्षात एकूण ३० कामकाजाचे दिवस नव्या एलसीएशिवाय बाहेरच्या ठिकाणी काम करता येते. मूळ ठिकाणी कामाची जागा आणि घर कायम असेल तर ६० दिवस. मात्र कंपनीला प्रवास, राहणे आणि जेवणाचा खर्च द्यावा लागतो, आणि त्या भागात तिचे त्याच व्यवसायासाठी आधीच मंजूर एलसीए असेल तर ही सवलत मिळत नाही. तेरा आठवड्यांचा ट्रॅव्हल करार यात बसेल असे धरून चालू नका. आठवड्याला पाच दिवस धरले तरी ते ६५ दिवस होतात. शिवाय शनिवारी दुसऱ्या एजन्सीकडे पीआरएन (लागेल तेव्हाचे) काम करायचे असेल तर त्या एजन्सीने स्वतंत्र कॉन्करंट (जोडीच्या नोकरीचे) पिटिशन करायला हवे. प्रिव्हिलेज आहे म्हणून दुसरी नोकरी धरता येत नाही. फिजिकल थेरपिस्ट ‘शेड्यूल ए’ या मनुष्यबळ कमी असलेल्या व्यवसायांच्या यादीत येतात, त्यामुळे ग्रीन कार्डासाठी कंपनीला लेबर सर्टिफिकेशनची (स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवण्याची) लांब वाट चालावी लागत नाही. पण ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत वरचे सगळे लागू आहे. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला ठिकाणाचा पूर्ण पत्ता देऊन ईमेलवर उत्तर घ्या, तोंडी नको.

बिलिंग आणि विमा

एनपीआय (बिलिंगसाठीचा ओळख) क्रमांक देशभर एकच असतो, तो बदलत नाही. मेडिकेअर कॉम्पॅक्टची परवानगी वैध लायसन्स म्हणून मान्य करते. पण नव्या राज्यात नव्या मालकाकडे काम करत असाल तर तिथली मेडिकेअर नोंदणी आणि खासगी विमा कंपन्यांचे क्रेडेन्शियलिंग (पात्रता तपासून त्यांच्या यादीत घेणे) वेगळे करावे लागते. प्रिव्हिलेज पाच मिनिटांत मिळते, क्रेडेन्शियलिंगला दोन-तीन महिने लागतात. पगार व्हिजिटवर असेल तर हे अंतर खिशाला जाणवते. व्यावसायिक विम्याच्या पॉलिसीत नवे राज्य धरले आहे का तेही विचारा. कराचे सांगायचे तर, साउथ कॅरोलायनात कमावलेल्या पैशाचा तिथला अनिवासी रिटर्न भरावा लागतो आणि तिथे भरलेल्या कराचे क्रेडिट होम स्टेटच्या रिटर्नमध्ये मागता येते. मायलेजची नोंद राज्यवार ठेवलीत तर एप्रिलमध्ये त्रास होत नाही.

घर बदलताना

सर्वांत महाग चूक इथे होते. एडिसनहून फ्रिस्कोला चाललात. टेक्सासचे प्रिव्हिलेज आधीपासून आहे, म्हणून वाटते काम अडणार नाही. घर लागले, आठवड्याभरात टेक्सासचे ड्रायव्हर्स लायसन्स काढले, आणि त्याच क्षणी टेक्सास तुमचे होम स्टेट झाले. स्वतःच्या होम स्टेटचे प्रिव्हिलेज कुणालाच मिळत नाही. तिथे पूर्ण लायसन्सच लागते, आणि ते तुमच्याकडे नाही. ज्या खुंटीवर बाकीची प्रिव्हिलेज होती ते न्यू जर्सीचे लायसन्सही आता राहत्या घराचे राहिले नाही. हे म्हणजे आधी कळस मग पाया.

बरोबर क्रम असा. जायचे ठरले की पहिल्या आठवड्यात नव्या राज्याच्या बोर्डाकडे एंडॉर्समेंटचा अर्ज करा. परदेशी पदवीमुळे लागणारे सगळे कागद इथे लागतील, म्हणून क्रेडेन्शियल अहवालाची प्रत, इंग्रजीचे गुण आणि महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी चालू असल्याचा पुरावा हाताशी ठेवा. इथे आल्यावर कौन्सिलची नोंदणी नूतनीकृत न करता सोडून दिलेली असते, आणि पडताळणीच्या पत्रात ती खंडित दिसली की बोर्ड खुलासा मागते. नव्या राज्याचे लायसन्स हाती आले की मग ड्रायव्हर्स लायसन्स बदला, पोर्टलवर होम स्टेट बदला आणि जुनी प्रिव्हिलेज नव्या लायसन्सवर कशी येतील हे आयोगाला लेखी विचारून घ्या. मात्र नव्या गावी राहायला गेल्यावर ड्रायव्हर्स लायसन्स बदलण्याची मुदत राज्याचा कायदा ठरवतो आणि ती लांबवता येत नाही. म्हणून बोर्डाचा अर्ज घर बदलण्याच्या कित्येक महिने आधी जायला हवा.

पत्ता बदलल्यावर ३० दिवसांच्या आत आयोगाला कळवायचे असते, आणि करारात नसलेल्या एखाद्या राज्याने तुमच्यावर कारवाई केली तर तेही ३० दिवसांत. जोडीदाराची नोकरी तुम्हाला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला किंवा न्यू यॉर्कमधल्या क्वीन्सला नेणार असेल तर हिशेब आणखी कडक आहे: राहते घर करारात नसलेल्या राज्यात गेले की सगळी प्रिव्हिलेज संपतात, मूळ लायसन्स कितीही वर्षांचे बाकी असो. अशा वेळी ज्या राज्यांत काम चालू ठेवायचे आहे तिथली पूर्ण लायसन्स सामान बांधण्याआधी मिळवून ठेवा, आणि चालू पेशंट दुसऱ्या थेरपिस्टकडे सोपवायची तारीख एजन्सीला लेखी द्या.